जिताड्याचे शास्त्रीय नाव : प्राणिनामांविषयीचे वाद व त्यांचा निर्णय

पेण आणि नागोठणे यांच्यामध्ये, रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कासू हे गाव आहे. तेथून पश्चिमेकडे भातशेती मागे पडून खारबंदिस्तीचा मुलूख लागतो, आणि त्याच्या पलीकडे अंबा नदीला धरमतरच्या खाडीचे रूप येते. या खाडीतील जिताडा हा मासा पेण-अलिबागच्या लोकांस विशेष प्रिय आहे. त्याची लहान पिले खाडीतून आणून गावतळ्यात सोडावयाची आणि ती वाढली म्हणजे घरी जावई किंवा पाहुणा आला असता त्यांतील एखादा मासा काढावयाचा, ही या भागातील जुनी रीत होय. हा मासा वाढतो गोड्या पाण्यात, परंतु अंडी घालण्यासाठी त्याला खारे पाणीच लागते. त्यामुळे तळ्यात तो कितीही पोसला तरी तेथे त्याची वीण होत नाही, आणि पिलांसाठी पुन्हा खाडीकडेच जावे लागते.

या माशाला बंगालमध्ये भेटकी, तमिळनाडूत कोडुवा व ऑस्ट्रेलियात बॅरामंडी म्हणतात. अशी नावे प्रांतोप्रांती भिन्न असावयाचीच. यास्तव शास्त्रज्ञांनी प्रत्येक प्राणिजातीस सर्व जगासाठी एकच नाव असावे अशी व्यवस्था केली, आणि तीनुसार या सर्व माशांस ‘लेटीस कॅल्कॅरिफर’ असे नाव मिळाले. अलीकडे मात्र या एका नावाखाली एकच जाती आहे की दोन, असा प्रश्न उपस्थित झाला आहे. त्याच्या निमित्ताने, असे वाद कोणत्या नियमांनी मिटविले जातात हे पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम मूळ तत्त्वे ध्यानात घेऊ. लिनीयसच्या ‘सिस्टेमा नॅच्युरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ साली निघाली. त्या वर्षाची १ जानेवारी ही प्राणिनामांची आरंभतिथी मानली जाते. एकाच जातीस दोघांनी दोन नावे दिली असल्यास जे आधी रीतसर प्रसिद्ध झाले ते ग्राह्य धरावयाचे. हा अग्रक्रमाचा नियम होय. दुसरे तत्त्व प्ररूपाचे. कोणतेही जातिनाम हे केवळ वर्णनाशी बांधलेले नसून एका विशिष्ट नमुन्याशी बांधलेले असते. या नमुन्यास प्ररूप असे म्हणतात. वर्णन अपुरे अथवा चुकीचे असू शकेल, परंतु नमुना समोर असला की नाव कोणाचे याचा निर्णय करता येतो. प्ररूप नष्ट झाले असेल आणि त्यावाचून घोटाळा मिटत नसेल, तर काही अटींवर नवप्ररूप नेमता येते. हे सर्व नियम एका आंतरराष्ट्रीय संहितेत ग्रथित आहेत. तिची पहिली आवृत्ती १९६१ साली निघाली, आणि चौथी आवृत्ती २००० सालच्या १ जानेवारीपासून अमलात आली. संहितेची राखण करणारा आयोग १८९५ साली लायडन येथे भरलेल्या प्राणिशास्त्र परिषदेत स्थापन झाला.

आता जिताड्याकडे वळू. ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १७९० साली ‘होलोसेंट्रस कॅल्कॅरिफर’ या नावाने या माशाचे वर्णन केले आणि त्याचे वसतिस्थान जपान असल्याचे लिहिले. घोटाळ्याचे बीज येथेच आहे. जपानमध्ये अकामे नावाचा असाच एक मासा सापडतो. काटायामा व ताकी यांनी १९८४ साली तो निराळा असल्याचे दाखविले आणि त्यास ‘लेटीस जॅपोनिकस’ हे नवे नाव दिले. ब्लॉखचा मासा म्हणजेच अकामे असता तर कॅल्कॅरिफर हे नाव अकामेकडे गेले असते, आणि आपल्या जिताड्यास दुसरे नाव शोधावे लागले असते. तसे झाले नाही. मात्र, ब्लॉखचा मासा जपानचा नव्हे तर तो कोठला, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नास २०१४ साली नवे महत्त्व आले. सिंगापूर येथील संशोधकांच्या पुढाकाराने निरनिराळ्या देशांतील या माशांच्या जनुकद्रव्याची तुलना करण्यात आली. तीत भारतीय उपखंडातील मासे एका गटात आणि आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलिया येथील मासे दुसऱ्या गटात पडले. हे गट दोन स्वतंत्र जाती असावेत असे मत त्या संशोधकांनी मांडले. ते सर्वमान्य झाल्यास नामकरणाचा प्रश्न पुढे येईल.

हा प्रश्न पायरीपायरीने सोडवावा लागतो. पहिली पायरी जाती एक की दोन हे ठरविण्याची. हा निर्णय सर्वस्वी पुराव्याचा आहे. त्यात आयोगास काहीही अधिकार नाही. दुसरी पायरी जुन्या नावांची प्ररूपे कोणत्या गटात मोडतात हे पाहण्याची. कॅल्कॅरिफर हे नाव ब्लॉखच्या माशाबरोबर जाईल, मग तो ज्या गटातला असेल त्या गटाचे ते नाव. तिसरी पायरी उरलेल्या गटास जुने नाव उपलब्ध आहे काय, हे शोधण्याची. येथे फ्रान्सिस हॅमिल्टन यांच्या गंगेतील मत्स्यांवरील १८२२ सालच्या ग्रंथाचे महत्त्व आहे. त्यांनी भेटकीस ‘कोइअस व्हॅक्टी’ असे नाव दिले होते, आणि आजवर ते कॅल्कॅरिफरचे समानार्थी मानले गेले आहे. कॅल्कॅरिफर हे नाव आग्नेय आशियातील माशाकडे गेले तर आपल्याकडील माशासाठी व्हॅक्टी या नावाचा विचार प्रथम करावा लागेल. नवे नाव घडविण्यास मोकळीक राहणार नाही.

वाचक विचारतील, की दोनशे वर्षांपूर्वीच्या विस्मृत नावासाठी रूढ नाव टाकावे काय? संहितेने याचाही विचार केला आहे. जुने नाव १८९९ नंतर कोणीच ग्राह्य म्हणून वापरले नसेल, आणि धाकटे नाव गेल्या ५० वर्षांत किमान १० लेखकांनी किमान २५ लेखनकृतींत, निदान १० वर्षांच्या कालावधीत वापरले असेल, तर धाकटे नावच कायम ठेवता येते. या अटींत न बसणारे प्रकरण आयोगापुढे नेता येते. ते आयोगाच्या नियतकालिकात प्रसिद्ध होते, त्यावर इतरांचे अभिप्राय मागविले जातात, सदस्य मतदान करतात, आणि मग निर्णय जाहीर होतो. प्रकरण विचाराधीन असेतो रूढ नावच चालू ठेवावयाचे असा दंडक आहे.

हा सर्व खटाटोप निव्वळ शब्दांसाठी आहे असे कोणास वाटेल. ते कसे चूक आहे हे महाराष्ट्रातच उगम पावलेल्या एका वादावरून दिसून येते. कर्नल साइक्स या मुंबई सरकारच्या अधिकाऱ्याने दख्खनमधील माशांचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले. लोकांच्या तोंडची नावेच त्याने अनेक माशांस दिली. शिरूर येथील घोड नदीतल्या एका माशास त्याने ‘मुसुल्ला’ हे जातिनाम दिले. विसाव्या शतकात हे नाव दूरच्या कावेरी नदीतील, पाठीवर उंचवटा असलेल्या प्रचंड महसीर माशास लावले गेले. पुढे साइक्सच्या वर्णनाची फेरतपासणी झाली, तेव्हा त्याचा मासा महसीर नसून ‘हिप्सेलोबार्बस’ या निराळ्या वंशातला असल्याचे मत पुढे आले. परिणामी, मासेमारांत जगप्रसिद्ध असलेला कावेरीचा महसीर शास्त्राच्या दृष्टीने निर्नाम झाला. ज्याला नाव नाही त्याची गणना संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत कशी व्हावी? केरळमधील पांबार या कावेरीच्या उपनदीतून वर्णिलेला ‘टॉर रेमादेवी’ हाच तो मासा, असे २०१८ साली सिद्ध करण्यात आले. आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. नावाचा घोळ चालू होता तेवढ्या काळात मासा मात्र घटत गेला होता.

जिताड्याच्या बाबतीतही असेच काही पणाला लागले आहे. आता या माशाचे बीज उबवणीकेंद्रांतही तयार होते. चेन्नई येथील केंद्रीय संस्थेस १९९७ साली त्याच्या कृत्रिम प्रजननात यश आले. ऑस्ट्रेलियापासून धरमतरपर्यंत जाती एकच असे मानले, तर कोठलेही बीज कोठेही सोडण्यास हरकत दिसत नाही. परंतु जाती दोन असतील, तर परदेशी बीजाच्या तळ्याची उघाडी एका भरतीत फुटली तरी खाडीत परक्या रक्ताची सरमिसळ होऊ शकेल. शिवाय, नावाखालील प्रदेश जितका विस्तीर्ण तितकी जाती सुरक्षित भासते, आणि एखाद्या खाडीतील घट हिशेबात येत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. नावाचा वाद कोणाच्या थोरवीने मिटत नाही. तो नमुन्याने मिटतो. ब्लॉखने स्थळाची नोंद अचूक केली असती, तर आजचा बराचसा प्रश्न उद्भवला नसता. कासूच्या परिसरातील एखाद्या विद्यार्थ्याने खाडीतील जिताडा नीट जतन केला, आणि त्यासोबत स्थळ, दिनांक, पाण्याचा प्रकार व स्थानिक नाव यांची चिठ्ठी लिहून तो संग्रहालयात पोहोचविला, तर उद्याच्या निर्णयात त्या चिठ्ठीचे मोल मोठे असेल.