क्षयरोग रोखण्यात सकस आहाराचा वाटा

क्षयरुग्णासोबत एकाच घरात राहणाऱ्यांना या रोगाची बाधा होण्याचा धोका मोठा असतो. सकस आहाराने तो कमी होतो का, हे झारखंडमधील ‘रेशन्स’ चाचणीत तपासण्यात आले. सर्व रुग्णांना शिधा देण्यात आला; कुटुंबीयांपैकी मात्र एकाच गटाला तांदूळ, डाळ व सूक्ष्म पोषकद्रव्ये मिळाली. १०,३४५ कुटुंबीयांच्या पाहणीअंती, शिधा मिळालेल्या गटात क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. कुपोषणाने प्रतिकारशक्ती खालावते आणि शरीरात सुप्त असलेले जंतू डोके वर काढतात. म्हणूनच रुग्णाला औषध देतानाच त्याच्या घरातील इतरांच्या ताटात पुरेसे अन्न आहे का, हे पाहणेही क्षयनियंत्रणाचाच भाग ठरते.