टर्नरची ही ३८ चित्रं फक्त जानेवारीतच का दाखवतात?

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा. इथल्या नॅशनल गॅलरीत जे. एम. डब्ल्यू. टर्नर या इंग्रज चित्रकाराची ३८ जलरंग चित्रं आहेत. ती अकरा महिने अंधारात असतात. जानेवारी आला की भिंतीवर लागतात, तेही मोफत.

अट कुणाची?

हेन्री वॉन या संग्राहकाची. १८९९ मध्ये त्यांचं निधन झालं आणि १९०० मध्ये चित्रं गॅलरीकडे आली. मृत्युपत्रात लिहिलं होतं : सगळी चित्रं एकत्र, विनाशुल्क आणि फक्त जानेवारीत दाखवा. कारण तिथे जानेवारीत दिवस सात-आठ तासांचा आणि उजेड मंद असतो.

उजेडाने नेमकं काय होतं?

खिडकीसमोर लावलेला फोटो काही वर्षांत फिका पडतो, तसंच. जलरंगाचा थर फार पातळ असतो. तैलरंगासारखं तेलाचं जाड कवच त्याला नसतं. शिवाय झालेलं नुकसान साठत जातं, अंधारात ठेवल्याने भरून निघत नाही. म्हणून संग्रहालयं जलरंगांवर साधारण ५० लक्स इतकाच प्रकाश ठेवतात. रोज आठ तास धरले तर जानेवारीत १२,४०० लक्स-तास होतात. वर्षभर लावली तर १,४६,००० म्हणजे जवळपास बारापट. वॉन यांच्याकडे लक्समीटर नव्हता, पण हिशोब बरोबर होता!

टर्नर कोण?

१७७५ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात जन्मलेला न्हाव्याचा मुलगा. वडील त्याची चित्रं दुकानात विकायला लावत. १४ व्या वर्षी रॉयल अकॅडमीच्या शाळेत प्रवेश. पुढे आयुष्यभर भटकंती : वेल्स, आल्प्स, व्हेनिस. जागेवर बहुधा वहीत पेन्सिलीने झरझर रेखाटन, रंग नंतर मुक्कामी.

रंगवण्याची पद्धत मात्र नाजूक अजिबात नव्हती. कागद चिंब भिजवायचा, त्यावर रंग सोडायचा, स्पंजने टिपायचा, मग नखाने खरवडून खालचा पांढरा कागद उघडा करायचा. लाटेचा फेस, पाण्यावरची चमक अशी यायची. १८१८ मध्ये फार्नली हॉल इथे एका मित्राच्या मुलासमोर त्याने नाश्ता ते जेवण एवढ्या वेळात भली मोठी युद्धनौका उभी केली. त्याच्या चित्रात उजेड म्हणजे बऱ्याचदा कोरा कागदच. त्यामुळे भोवतीचा रंग उडाला की उजेडही मरतो.

मग त्याने टिकाऊ रंग का नाही वापरले?

त्याला फिकीर नव्हती, असंच म्हणावं लागेल. चटकन उडणारे लाल रंगही तो बिनधास्त वापरायचा. रंग विकणाऱ्या विन्सर यांनी टोकलं, तेव्हा 'तुम्ही रंग बनवा, वापरायचं मी बघतो' अशा अर्थाचं उत्तर मिळालं, असा किस्सा सांगतात.

डब्लिनच्या नॅशनल गॅलरीलाही वॉन यांनी ३१ चित्रं दिली, तीही जानेवारीचीच. टर्नरच्या जन्माला २५० वर्षं झाली म्हणून २०२५ च्या जानेवारीत दोन्ही शहरांनी आपापला संग्रह महिनाभरासाठी अदलाबदल केला.