मुलांची हक्काची जागा

नवे घर बांधायचे ठरले म्हणजे देवघर कोणत्या दिशेला, ओटा किती उंच, पाहुण्यांची बैठक कुठे, याचा आपण बारकाईने विचार करतो. दिवसभर घरात वावरणाऱ्या चिमुकल्या मंडळींच्या वाट्याला मात्र "इथे नको, तिथे नको" एवढेच येते! वर्षातून एकदा, दिवाळीत, किल्ल्यासाठी अंगणाचा एक कोपरा त्यांना मिळतो. त्या दिवसांत मुले तहानभूक विसरतात, भांडली तरी आपली आपण मिटवतात. मग किल्ला मोडतो आणि त्याबरोबर कोपराही जातो. तो वर्षभर त्यांचाच का असू नये?

आम्ही राहतो जतला, सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागात. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर मुलांना बाहेर सोडवत नाही. म्हणून सोप्याच्या टोकाची सहा फूट लांब व चार फूट रुंद जागा आम्ही मुलांना देऊन टाकली. दुपारी तिथे ऊन येत नाही आणि स्वयंपाकघरातून मुले नजरेस पडतात. जागा निवडताना एवढ्या दोन गोष्टी जरूर पाहाव्यात.

यासाठी फार खर्च लागतो असे मात्र नाही. माँटेसोरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह उघडले, तेव्हा मुलांच्या उंचीचे सामान आणि त्यांचा हात पोचेल अशी कपाटे यांवर भर दिला. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला, अनुताई वाघांच्या साथीने, शंखशिंपले, बिया, पाने, खडे यांतूनच बालवाडीची साधने उभी केली. ती आपल्या परसातही सापडतात.

आम्ही दोन जुनी लाकडी खोकी आडवी मांडली. तीच मुलांची कपाटे. भिंतीचा तीन फूट उंचीपर्यंतचा भाग काळा रंगवला, तोच फळा. भातुकली, कवड्या, सागरगोटे, लाकडी ठोकळे एवढेच बाहेर ठेवतो. बाकीची खेळणी माळ्यावर. दर आठवड्याला अदलाबदल केली की जुनेच खेळणे नवे होते. घरात तीन वर्षांच्या आतले मूल असेल, तर चिंचोके, कवड्या, गजगे मात्र उंचावर ठेवावेत.

अंगणात कडुनिंबाखाली विटांचा चौकोन करून वीतभर वाळू टाकली आहे. ती आधी चाळून उन्हात तापवली. मांजरांमुळे रात्री तिच्यावर गोणपाट घालावे लागते. शेजारची मुले कानडी बोलणारी. ओंदु, एरडु, मूरु हे आकडे आमच्या मुलांनी त्या वाळूतच उचलले. पाण्याच्या खेळाला परातीत दोन तांबे पाणी पुरते. खेळ संपला की तेच पाणी कढीलिंबाच्या आळ्यात जाते. परातीजवळ लहान मुलाला एकटे मात्र सोडू नये.

सासूबाईंना हे प्रथम रुचले नव्हते. "येणाऱ्या-जाणाऱ्यांना आधी पसाराच दिसायचा!" त्या म्हणाल्या. त्यावर आम्ही एक नियम केला. दिवसभर त्या जागेत मोठ्यांनी हात घालायचा नाही. दिवेलागणीला मुलांनीच सर्व जागच्या जागी ठेवायचे. महिनाभरात सासूबाई शेंगा निवडायला तिथेच बसू लागल्या. शेंगा मोजण्याचे काम अर्थातच नातवंडांकडे!

शहरातल्या भगिनी म्हणतील, "आमच्या दोन खोल्यांत सोपा कुठला आणि अंगण कुठले?" एक सतरंजी आणि एक खोके, एवढ्यावरही हे जमते. सतरंजी पसरली की ती जागा मुलांची. गॅलरीत जागा केली, तर चढता येईल असे काहीही कठड्याजवळ ठेवू नये. विजेची बटणे आणि शेगडी यांपासून ती दूर असावी.

मुलांच्या हातून मोबाइल सुटत नाही, ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते. पण तो काढून घेतल्यावर त्या हातांना दुसरे काय द्यायचे, हे आधी ठरवायला हवे. जिथे आपण मांडलेले कोणी मोडणार नाही, अशी जागा मिळाली की मूल तिथे रमते आणि ती सांभाळतेही. यंदा किल्ल्याची माती उचलाल, तेव्हा तो कोपरा तेवढा मुलांच्या नावे राहू द्या.