गज लहान केल्याने कापड वाढत नाही
सॉफ्टवेअरच्या ‘स्प्रिंट’चा हिशेब कसा वाचावा?

आपल्यातील अनेक व्यापारी आता दुकानाचे बिल, गोदामातील साठा आणि उधारीची वही यांसाठी स्वतःचे सॉफ्टवेअर करवून घेतात. अनेकांची मुले-मुली पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत हेच काम करतात. दर पंधरवड्याला कंपनीकडून अहवाल येतो. त्यात ‘स्प्रिंट’, ‘पॉइंट’, ‘व्हेलॉसिटी’ असे शब्द असतात. मालक मान डोलावतो आणि पुढचा हप्ता देतो. काय कळले, असे विचारले तर मात्र उत्तर नसते. पैसा घामाचा आहे, म्हणून हा हिशेब सोप्या भाषेत मांडण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

काम तुकड्यांत का?

पूर्वी सगळी योजना आधी कागदावर होई आणि माल फार उशिरा हाती येई. तोवर गरज बदललेली असे. जेफ सदरलँड आणि केन श्वाबर यांनी १९९५ साली अमेरिकेत ऑस्टिन येथे ‘स्क्रम’ ही पद्धत मांडली. २००१ साली युटा राज्यात १७ जाणकारांनी ‘ॲजाइल’ जाहीरनामा काढला. काम छोट्या मुदतींत तोडायचे आणि प्रत्येक मुदतीअखेर वापरता येईल असा माल दाखवायचा, हे त्याचे सार. ही मुदत म्हणजे स्प्रिंट. ती महिन्याहून मोठी नसते, बहुधा २ आठवड्यांची असते.

कामाच्या अवघडपणाला कारागीर स्वतः अंदाजे गुण देतात, ते पॉइंट. एका स्प्रिंटमध्ये पुऱ्या झालेल्या कामांच्या गुणांची बेरीज म्हणजे व्हेलॉसिटी. अर्धवट कामाला शून्य गुण. काज-बटण राहिलेली शेरवानी गिऱ्हाइकाच्या हाती देता येत नाही, तसेच हे.

अंदाज कसा बांधावा?

समजा, एकूण काम २४० गुणांचे आहे. पहिल्या ५ स्प्रिंटमध्ये २२, १८, २५, १९ आणि २१ गुण झाले. बेरीज १०५, सरासरी २१, बाकी १३५. सरासरीने ७ स्प्रिंट लागतील. पण सर्वांत चांगली चाल धरली तर ६, सर्वांत मंद धरली तर ८. म्हणून प्रामाणिक अहवाल एकच तारीख छातीठोकपणे सांगत नाही. ‘१२ ते १६ आठवडे’ असे सांगतो. आपण मध्येच नवे काम वाढविले असेल तर ते वेगळ्या ओळीत दाखविलेले हवे. नाहीतर उशिराचा दोष विनाकारण कारागिरांवर येतो.

खरा धोका

काही मालक म्हणतात, ‘२१ कशाला, ३० करा!’ मग काय होते? काल ३ गुणांचे असलेले काम आज ५ गुणांचे ठरते. आकडा वाढतो, माल तेवढाच राहतो. तपासणी घाईत उरकली जाते आणि चुका मागाहून दुकानात उघड होतात. माप हेच लक्ष्य केले की ते माप बिघडते, ही गोष्ट इंग्लंडचे अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखली जाते. दोन चमूंच्या गुणांची तुलनाही व्यर्थ आहे. प्रत्येकाची वीत वेगळी असते. स्क्रमच्या मार्गदर्शिकेनेही २०११ साली स्प्रिंटच्या कामाबाबत ‘वचन’ हा शब्द काढून ‘अंदाज’ हा शब्द घेतला.

आपल्याला ही गोष्ट नवी नाही. मापात खोट करणाऱ्यांविषयी कुरआनात ‘मुतफ्फिफीन’ ही स्वतंत्र सूरह आहे. देण्या-घेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. खोटे माप देणारा दोषी आहेच. पण खोटे माप द्यायला भाग पाडणाऱ्या मालकानेही आपल्या मनाला विचारावे.

अहवालात काय मागावे?

आमच्या मते ५ गोष्टी पुरेत: या स्प्रिंटचा हेतू काय होता, काय पुरे झाले, ते चालवून दाखवा, काय राहिले व का, किती चुका परत आल्या, आणि बाकी कामाला किमान-कमाल किती वेळ लागेल. राहिलेल्या कामाचे कारण सांगणाऱ्यावर रागावू नका. आज खरे ऐकून घेतले, तर उद्याचा हप्ता वाया जाणार नाही.