पोलिसांच्या गाडीचा वेग आणि शासनाचे दायित्व

गळीत हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूर रस्त्याचे रूप पालटते. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे उसाने लादलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या रांगेने निघतात. सणसर, लासुर्णे, जंक्शन ह्या गावांतली शाळकरी मुले, वालचंदनगरला पाळीवर निघालेले कामगार आणि डोक्यावर बोचके घेऊन चाललेली ऊसतोड मजुरांची कुटुंबे ह्यांचाही तोच रस्ता. समजा, अशाच एखाद्या रात्री ११२ क्रमांकावर मारामारीची खबर येते. वालचंदनगर पोलीस ठाण्याची गाडी भोंगा वाजवीत निघते आणि वाटेत बैलगाडीच्या कडेने चालणारा एक मजूर तिच्याखाली सापडतो. प्रसंग काल्पनिक आहे. त्यातून उभा राहणारा प्रश्न मात्र काल्पनिक नाही. त्या मजुराच्या बायकामुलांना भरपाई कोणी द्यायची?

चावडीवर ह्या प्रश्नाची दोन उत्तरे ऐकू येतात. एक म्हणते, पोलीस कर्तव्यावर होते, स्वतःच्या कामाला निघाले नव्हते. तेव्हा घडले ते दुर्दैव समजावे. दुसरे म्हणते, गाडी हाकणाऱ्या शिपायाला धरावे आणि तुरुंगात टाकावे. पहिल्या उत्तरात मृताच्या कुटुंबावर अन्याय आहे, दुसऱ्यात बहुधा शिपायावर. आणि दोन्ही उत्तरांत शासन मात्र अलगद बाजूला राहते. ते बाजूला का राहते, हे समजण्यासाठी दीडशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

कलकत्त्यात खिदिरपूर येथे सरकारी गोदी होती. तेथील मजूर रस्त्यातून एक अवजड लोखंडी तुकडा नेत असताना तो खाली पडला. त्या आवाजाने एका आगबोट कंपनीच्या गाडीचे घोडे बुजले आणि एक घोडा जखमी झाला. कंपनीने सरकारवर साडेतीनशे रुपयांचा दावा लावला. १८६१ साली न्यायालयाने तो मान्य केला, परंतु निकाल देताना एक भेद करून ठेवला: जे काम कोणताही खासगी मनुष्य करू शकतो त्यातील निष्काळजीपणास सरकार जबाबदार, जे काम केवळ सार्वभौम सत्तेच्या बळावर होते त्यास नाही. घोड्याला भरपाई मिळाली. माणसांच्या वाट्याला मात्र पुढे शतकभर तो भेदच आला.

स्वातंत्र्यानंतर हा भेद पुसला जाईल अशी आशा काही काळ वाटली. १९५२ साली उदयपूर येथे जिल्हाधिकाऱ्यांच्या वापरासाठी असलेली सरकारी जीप दुरुस्तीनंतर परत आणली जात असताना पदपथावरून चाललेला एक माणूस तिच्या धडकेने जखमी झाला आणि पुढे मरण पावला. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली विद्यावती खटल्यात राजस्थान सरकारला जबाबदार धरून पंधरा हजार रुपयांची भरपाई कायम केली. प्रजासत्ताकात राजा नाही; तेव्हा राजाच्या नावाने मिळणारे संरक्षणही नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

दोनच वर्षांनी वारे फिरले. १९४७ साली मेरठ येथे पोलिसांनी एका व्यापाऱ्याचे सोने-चांदी संशयावरून ताब्यात घेतले होते. मालखान्याचा हवालदार सोने घेऊन पाकिस्तानात पळाला. व्यापाऱ्याने भरपाई मागितली तेव्हा अटक, झडती आणि जप्ती ही सार्वभौम सत्तेची कामे आहेत, म्हणून सरकार जबाबदार नाही, असा निर्णय १९६४ साली कस्तुरीलाल खटल्यात झाला. तो निकाल सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर ह्यांचा. कायद्याची ही स्थिती समाधानकारक नाही, हे त्यांनी त्याच निकालपत्रात नमूद केले आणि संसदेने कायदा करावा असे सुचविले. विधी आयोगाने तर १९५६ सालच्या आपल्या पहिल्याच अहवालात हीच शिफारस केली होती. तदनुसार १९६५ व १९६७ साली विधेयके मांडली गेली आणि ती व्यपगत झाली. तो कायदा आजतागायत झालेला नाही. ज्या ब्रिटनकडून हे संरक्षण आपण उचलले, त्याने १९४७ सालीच स्वतंत्र कायदा करून ते मोडीत काढले होते.

कायद्याच्या अभावी प्रत्येक खटल्यात वाद एकच: गाडी कोणत्या कामावर होती? लष्करी कार्यशाळेतून तोफखाना शाळेकडे यंत्र नेणाऱ्या ट्रकने एकाचा बळी घेतला, तेव्हा यंत्राची वाहतूक हे काही सार्वभौम काम नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाने सुग्राबाई खटल्यात ठरविले. उलट मद्रास उच्च न्यायालयापुढे नौदलाच्या जहाजासाठी वायूची वाहतूक करणाऱ्या लष्करी वाहनाचा खटला आला. त्यात जखमी झालेल्या दहा वर्षांच्या मुलाचा हक्क नाकारला गेला आणि न्यायालयाला सरकारच्या सद्भावनेवर विसंबावे लागले. चाकाखाली आलेल्या माणसाला गाडीत यंत्र आहे की वायू, ह्याने काय फरक पडतो? मोडणारे हाड तेच असते.

१९९४ साली नागेंद्र राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद बराच पुसट केला. कल्याणकारी राज्यात सार्वभौम आणि बिगर-सार्वभौम कामे अशी वाटणी करणे निरर्थक झाले आहे, असे त्याने सांगितले. परंतु न्यायदान, सुव्यवस्था राखणे, गुन्ह्यांचा बीमोड ह्यांसारखी काही मूलभूत कामे त्याने अपवादात ठेवली. खबर मिळताच धावणारी पोलिसांची गाडी नेमकी ह्या अपवादाच्या उंबरठ्यावर उभी राहते, हे विसरता येत नाही. पुढे २००० साली आंध्र प्रदेशातील तुरुंगात झालेल्या एका हत्येच्या प्रकरणात जीविताच्या मूलभूत हक्कापुढे सार्वभौमत्वाचा बचाव चालणार नाही, असे त्याच न्यायालयाने म्हटले. दार उघडले आहे. पण ते चौकटीतून काढून टाकलेले नाही.

मोटार वाहन कायद्याने वाट काहीशी सुकर केली, हे खरे. अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मालक म्हणून शासनाला उभे करता येते. चूक सिद्ध न करताही काही रक्कम मिळावी हे तत्त्व १९८२ साली कायद्यात आले. तेव्हा मृत्यूसाठी ती पंधरा हजार होती, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख झाली. मात्र त्याच दुरुस्तीने दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत पुन्हा घातली. घरचा कर्ता गेल्यावर हंगाम संपताच मराठवाड्यातल्या गावी परतणाऱ्या कुटुंबाला सहा महिने म्हणजे डोळ्यांची उघडझाप.

ह्यावर पोलिसांच्या बाजूने एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. भरपाईची टांगती तलवार असेल तर शिपाई गाडी हळू हाकील आणि तोवर दुसरीकडे कोणाचा तरी खून पडेल. परंतु सवलत आणि बेपर्वाई ह्यांतील रेषा कायद्याने आखलेलीच आहे. २०१७ च्या वाहनचालन विनियमांनी तातडीच्या वाहनांना लाल दिवा ओलांडण्याची व वेगमर्यादा सोडण्याची मुभा दिली, ती भोंगा व दिवा चालू असताना आणि योग्य ती खबरदारी घेऊनच. इंग्लंडमध्येही १९५९ साली एका पोलीस मोटारसायकलस्वाराच्या खटल्यात, कर्तव्यावरील पोलिसालाही इतर चालकांइतकीच सावधगिरी बाळगावी लागेल असा निर्णय झाला. त्यामुळे तेथील पोलीस धावायचे थांबले नाहीत.

वस्तुतः शासनाचे दायित्व निर्विवाद असण्यात शिपायाचेच हित आहे. बेफिकीर चालकाला शिक्षा व्हावीच. भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परंतु ज्याने वरिष्ठांच्या हुकमावरून, नेमून दिलेल्या गाडीतून, लोकांच्या हाकेला धाव घेतली, त्याच्या तुटपुंज्या पगारातून भरपाई काढणे न्याय्यही नाही आणि शक्यही नाही. त्या वेगाचा लाभ साऱ्या समाजाला होतो. लाभ सर्वांचा आणि त्याची किंमत मात्र रस्त्याच्या कडेने चाललेल्या एकाच कुटुंबाची, हा हिशेब कोणत्याही शाळेतल्या गणितात बसत नाही. ती किंमत सरकारी तिजोरीतूनच, म्हणजे सर्वांकडून, वसूल झाली पाहिजे.

त्यासाठी फार मोठी क्रांती नको. संसदेने रखडलेला कायदा करावा आणि रस्त्यावरील अपघाताला सार्वभौमत्वाचा बचाव लागू नाही, हे एका वाक्यात लिहावे. सरकारी वाहनांना सक्तीच्या विम्यातून सूट आहे; तेव्हा विमा कंपनीऐवजी शासनाने ठरावीक मुदतीत रक्कम न्यायाधिकरणात भरण्याचे बंधन स्वतःवर घालावे. ज्या ठाण्याची गाडी, त्याच ठाण्याचा पंचनामा, ही रीत बंद करून तपास दुसऱ्या ठाण्याकडे सोपवावा. खबर किती वाजता आली, गाडी किती वाजता निघाली, भोंगा चालू होता की नाही, ह्याच्या नोंदी मृताच्या वारसांना मागणी न करता मिळाव्यात. कारण त्या नोंदी ज्याच्या हाती, त्याच्याच विरुद्ध त्यांना दावा लढवायचा असतो.

रात्री संकटात सापडलेल्याने फोन केला तर पोलिसांनी धावत यावे, ही अपेक्षा रास्त आहे. त्याच रात्री कडेने चालणाऱ्याने घरी पोहोचावे, हीही तितकीच रास्त आहे. दोघांच्याही रक्षणासाठीच पोलीस ठेवलेले आहेत. एकाला वाचविण्याच्या धावपळीत दुसरा गेला, तर निदान त्याच्या घरची चूल विझू न देणे, एवढे तरी शासनाने आपले कर्तव्य मानले पाहिजे. आणि ते दया म्हणून नव्हे, देणे म्हणून.