वेठीस कोणी कोणास धरले?

जुन्या निवृत्तिवेतनाच्या मागणीसाठी राज्य कर्मचाऱ्यांनी १४ मार्च २०२३ रोजी पुकारलेला संप २० तारखेस मिटला. त्याचे कवित्व यथावकाश चालेलच. परंतु त्या आठवड्यात रुग्ण, विद्यार्थी, दाखल्यांसाठी ताटकळणारे अर्जदार अशी जवळजवळ प्रत्येक असामी मथळ्यांतून ‘वेठीस धरली’ गेली, आणि हा वाक्प्रचार आपण किती निर्धास्तपणे उलटा धरला आहे याचे नवल वाटले. वेठ म्हणजे सत्तेने वा सावकाराने बळाने आणि फुकट करवून घेतलेले काम. हल्ली मात्र जो काम करावयाचे नाकारतो, त्याच्याच माथी वेठीस धरल्याचा आळ येतो. संपाची वकिली करण्याचा येथे हेतू नाही, आणि लांबणीवर पडलेल्या शस्त्रक्रियेचे दुःख खोटे नव्हे. पण अडवणूक निराळी आणि वेठ निराळी.

वेठ आली संस्कृत ‘विष्टि’पासून. कोणत्या गावाकडून धान्य, पशू, सुवर्ण आणि विष्टि किती येते याची नोंद ठेवण्यास कौटिल्याने समाहर्त्याला, म्हणजे महसूल गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याला, सांगितले आहे. म्हणजे माणसाचा घाम तेव्हाच महसुलाच्या सदरात जमा झाला होता. इसवी सन १५०च्या सुमारास फुटलेले सुदर्शन तलावाचे धरण पुन्हा बांधताना आपण प्रजेला कर, विष्टि वा प्रणय (म्हणजे सक्तीची ‘देणगी’) यांचा उपद्रव न देता स्वतःच्या कोशातून खर्च केला, अशी फुशारकी महाक्षत्रप रुद्रदामन गिरनारच्या शिलालेखात मारतो. जे टाळले म्हणून राजाला प्रशस्ती कोरावीशी वाटते, ते एरवी सर्रास चालत असले पाहिजे. अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथे सापडलेल्या ताम्रपटात वाकाटक नृपती दुसऱ्या प्रवरसेनाने सहस्र ब्राह्मणांना गाव दिले, तेही सर्व विष्टीतून मुक्त करून. अमरसिंहाने मात्र या शब्दाची योग्य जागा ओळखली: अमरकोशात विष्टि आढळते ती नरकवर्गात, यातना आणि तीव्र वेदना यांच्या शेजारी. पंचांगातील ज्या करणाला आपण भद्रा म्हणून मंगलकार्यास वर्ज्य मानतो, त्याचेही नाव विष्टीच. हा केवळ योगायोग असेल, पण मला तो मनापासून आवडतो.

पुढे फारसी अंमलाबरोबर ‘बेगार’ आली, आणि मराठीने बाजाराला हाट व कागदाला पत्र जोडावे तशी ती वेठीला जोडून टाकली. इनामांच्या सनदांतून वेठबेगार माफ झाल्याचे उल्लेख येतात. माफी मिळे ती इनामदारास, आणि किल्ल्यावर लाकूडफाटा वाहणाऱ्या रयतेच्या डोक्यावरचा भारा तिथेच राही. इंग्रजी अमदानीत वतन या प्रतिष्ठित नावाने चाललेल्या महारांच्या अहोरात्र चाकरीला १८७४च्या वतन कायद्याचे बळ मिळाले. वतनदार हजर नसेल तर त्याच्या घरातील दुसऱ्याला राबविणारी ही व्यवस्था बदलावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. वतने खालसा करणारा कायदा मात्र त्यांच्या निर्वाणानंतर, १९५८ साली झाला.

ठाणे जिल्ह्यात तर लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी वारली जोडपे सावकाराच्या घरी आयुष्यभर राबे, आणि अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. मंगल आणि क्रूर यांची इतकी घट्ट गाठ दुसऱ्या शब्दात माझ्या पाहण्यात नाही. मे १९४५ मध्ये झरी येथे किसान सभेचे कार्यकर्ते गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने जमलेल्या वारल्यांनी फुकट राबण्यास नकार दिला. आजचा मथळेकार तेथे असता, तर ‘वारल्यांनी सावकारांना वेठीस धरले’ असे छापून मोकळा झाला असता.

घटनाकारांनी तेविसाव्या अनुच्छेदाच्या इंग्रजी मसुद्यात ‘बेगार’ हा शब्द जसाच्या तसा ठेवला, आणि १९७६च्या कायद्याने वेठबिगारीची कर्जेही रद्द केली. तरी वेठ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरून १९८२ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलाच. तेथे मजुराची किमान रोजी ९ रुपये २५ पैसे होती. ती मजूर आणणाऱ्या जमादाराच्या हाती पडे आणि तो त्यातून रुपया कापून घेई. पोटाची निकड हीदेखील सक्तीच आहे, म्हणून किमान वेतनाहून कमी दराने करवून घेतलेले काम तेविसाव्या अनुच्छेदाखाली सक्तीचेच ठरते, असा निर्णय न्यायमूर्ती भगवतींनी दिला.