ऐकू येतं, पोचत नाही

जुलैत मिरकरवाडा बंदरावर गेलं की बोटी जमिनीवर भेटतात. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते आणि त्या दोन महिन्यांत शाकारलेल्या बोटींवर सुतार, रंगारी, इंजिनवाला असे सगळे चढून जातात. वायरलेसवाल्याचा नंबर शेवटी लागतो. एकदा अशाच एकाच्या मागोमाग मी केबिनच्या टपावर चढलो. तांडेलाची तक्रार होती की सेट कमजोर झालाय, नवीनच घ्यावा म्हणतो. या माणसाने सेटकडे पाहिलंसुद्धा नाही. अँटेनाच्या बुडाशी गुंडाळलेली चिकटपट्टी सोडवली, केबल वीतभर कापली आणि आतली तारेची जाळी तांडेलापुढे धरली. तांबं काळंठिक्कर पडलं होतं.

"मामा, सेट बरा आहे तुमचा. केबल पाणी प्यायलीय."

बोटीवरच्या व्हीएचएफ वायरलेसबद्दल एवढं एक कळलं तरी पुष्कळ झालं. दोष बहुतेक वेळा पेटीत नसतो, पेटीपासून अँटेनापर्यंतच्या दहा-बारा मीटरमध्ये किंवा बॅटरीपासून पेटीपर्यंतच्या वायरमध्ये असतो. आणि तो सहज कळत नाही, कारण ऐकू सगळं नीट येत असतं. ऐकायला सेटला अर्धा अँपिअरही लागत नाही. बोलायचं बटण दाबून पूर्ण 25 वॉटवर बोलायला लागलात की तोच सेट पाच-सहा अँपिअर मागतो. वायर बारीक असेल, फ्यूजच्या टोकांवर खार साचला असेल, तर बॅटरीपाशी 12.6 दिसणारे वॉल्ट सेटच्या पाठीमागे 11 च्या खाली घसरतात. शेजारच्या बोटीला तरीही आवाज जातो, म्हणून वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून मीटर लावायचा तो सेटच्या मागे, आणि बटण दाबलेलं असताना.

व्हीएचएफ लहरींचा स्वभाव सरळ आहे. 156 ते 162 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या या लहरी जवळपास नजरेच्या रेषेतच चालतात, पृथ्वीच्या गोलाईवरून फारशा वळत नाहीत. त्यामुळे पल्ला ठरतो उंचीवर. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला 4.12 ने गुणायचं, म्हणजे एका बाजूचे किलोमीटर मिळतात. दोन बोटींच्या अँटेना 9-9 मीटरवर असतील तर दोघींत सुमारे 25 किलोमीटर. छोट्या होडीत हातातला सेट जेमतेम मीटरभर उंचीवर असतो, तशा दोन होड्यांत आठच. किनाऱ्यावरची अँटेना शंभर मीटर उंच टेकडीवर असेल तर 9 मीटरवाल्या बोटीला ती पन्नासेक किलोमीटरवरून सापडते. क्षितिजाच्या पलीकडे वॉट वाढवून काही होत नाही, अँटेना वर चढवावी लागते.

पण वर चढवली की केबल लांबते, आणि केबल वाटेत खाते. पेन्सिलीपेक्षाही बारीक अशी आरजी-58 केबल बारा मीटर ओढली तर 25 पैकी साधारण 14-15 वॉट वर पोचतात. बोटाएवढी जाड आरजी-213 वापरली तर 19-20. जाड केबल महाग असते, वळत नाही, भोकात मावत नाही. त्यामुळे बारीकच घातली जाते.

दुकानात अँटेनावर 3 डीबी, 6 डीबी, 9 डीबी लिहिलेलं असतं आणि घेणाऱ्याला वाटतं, मोठा आकडा म्हणजे जास्त ताकद. अँटेना ताकद निर्माण करत नाही. पिठाचा गोळा तोच, तो थापून भाकरी करायची. डीबीचा आकडा मोठा तितकी भाकरी पातळ, आणि जितकी पातळ थापाल तितकी रुंद. बोट हलत नसेल तोवर हे उत्तम. पण लाटेवर बोट कलली की ती पातळ भाकरीही कलते, तिची एक कड आभाळात जाते आणि दुसरी पाण्यात. डुलणाऱ्या बोटीला म्हणूनच थोडी जाडसर, 3 डीबीची भाकरी बरी.

आता तांब्यावर चढणाऱ्या कळंकाकडे. चिंचेचं सार कल्हई उडालेल्या भांड्यात ठेवू नये हे घरोघर माहीत असतं. समुद्रावर वापरायच्या चांगल्या केबलची प्रत्येक तार कल्हई केलेली असते, ती याच कारणासाठी. बाजारातली टीव्हीची केबल तशी नसते, शिवाय ती 75 ओहमची आणि सेट मागतो 50 ओहम. खारं पाणी एकदा जोडातून शिरलं की जाळीच्या विणीतून वातीसारखं चढत जातं. म्हणून पीएल-259 कनेक्टरची पिन आणि जाळी दोन्ही नीट सोल्डर करायची, त्यावर स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळायची, आणि केबिनमध्ये शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथून टपकून जातं. एवढ्या कामाला तासभर जातो. घाईत ते पाच मिनिटांत उरकलं जातं आणि तिथेच पुढच्या वर्षीचं दुखणं पेरलं जातं.

मल्टिमीटरची एक फसगत सांगायलाच हवी. अँटेनाला मीटर लावला की पुष्कळदा मधली तार आणि बाहेरची जाळी जोडलेली दिसते आणि नवशिका अँटेना फेकून देतो. अनेक मरीन अँटेना मुळात तशाच बांधलेल्या असतात. केबल मात्र दोन्ही टोकांनी सुटी करून तपासली तर मधल्या तारेचा जाळीशी काडीचाही संबंध दिसता कामा नये. अँटेनाची खरी परीक्षा एसडब्ल्यूआर मीटरवर होते. 1.5 पर्यंत आकडा आला तर उत्तम. 3 आला तर चौथा हिस्सा शक्ती परत सेटकडे फिरते. आणि अँटेना न जोडता बटण दाबू नये, सेटचा शेवटचा ट्रान्झिस्टर त्यात जाऊ शकतो.

कोकणात एलईडी म्हटलं की आधी दिव्यांच्या मासेमारीचं भांडण आठवतं, पण वायरलेसचं दुखणं केबिनमधल्या साध्या एलईडी दिव्यांचं आहे, त्यांच्या खरखरीत येणारी हाक बुडते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने 2018 मध्ये याबद्दल इशारा काढला होता. तपासणी सोपी आहे. दिवे बंद ठेवून शांत चॅनेल लावायचं, स्क्वेल्चचा कान पिळून खरखर जेमतेम थांबवायची आणि मग दिवे लावायचे. खरखर परत आली तर चोर सापडला.

चॅनेल 16, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झ, संकटासाठी आणि हाक मारण्यासाठी राखीव. माईकचं बटण गादीखाली दबून राहिलं तर मात्र केबिनमधली सगळी उखाळीपाखाळी त्यावर ऐकू जाते आणि तेवढा वेळ दुसऱ्या कुणाची हाक येऊ शकत नाही. नव्या सेटवर संकटाच्या हाकेसाठी झाकणाखाली लाल बटण असतं. ते दाबून धरलं की चॅनेल 70 वरून बोटीचा नऊ आकडी क्रमांक जातो, भारतीय बोटीचा 419 ने सुरू होणारा. ठिकाणही जातं, पण सेटला जीपीएस जोडलेला असेल तरच. जीपीएस जोडायच्या दोन बारीक तारांचे रंग कंपनीगणिक वेगळे असतात, त्यामुळे त्या कित्येकदा तशाच लोंबत राहतात.

पालघरला ऑगस्ट 2024 मध्ये मासेमारी बोटींवर उपग्रहामार्फत चालणारे एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू झाली. उपग्रहाची मदत हवीच. पण इंजिन बंद पडून बोट वाहू लागते तेव्हा आधी पोचते ती हाकेच्या टप्प्यातली दुसरी बोट, आणि व्हीएचएफवरची हाक टप्प्यातल्या सगळ्यांनाच एकदम ऐकू जाते.

त्या दिवशी काळी केबल खाली आली, नवी चढली. मीटरवर 1.3 आलं. बोट पाण्यात गेली की 1 वॉटवर ठेवून चार-पाच किलोमीटरवरच्या कुणालातरी विचारा, असं वायरलेसवाल्याने बजावलं, कारण 25 वॉटवर आजारी जोडही बरा वाटतो. तांडेलाने मान डोलावली. शिडी उतरता उतरता त्याने नव्या सेटचा भाव विचारलाच.